चेहरा एका मिनिटाचा, यादी दोन वर्षांची

न्यूझीलंडची लोकसंख्या ५३ लाखांच्या आसपास आहे. त्या देशाच्या उत्तर बेटावरच्या फक्त २५ सुपरमार्केटांतल्या कॅमेऱ्यांनी फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४ या काळात २२ कोटी ५९ लाख ७२ हजार ४ चेहरे टिपले. माणसं अर्थातच इतकी नव्हती. सकाळी येऊन गेलेली बाई दूध संपलं म्हणून संध्याकाळी पुन्हा आली की पुन्हा मोजली जायची. तरीही आकडा दचकवणारा आहे, आणि तो कुणी चोरून बाहेर काढलेला नाही. तिथले खासगीपणा आयुक्त मायकेल वेब्स्टर यांनी जून २०२५च्या आपल्या चौकशी अहवालात तो छापला, आणि त्याच अहवालात म्हटलं की दुकानांनी कायदा मोडलेला नाही.

दुकानातले चेहरा ओळखणारे कॅमेरे समजून घ्यायला हा न्यूझीलंडचा प्रयोग सगळ्यात सोयीचा आहे. इतर देशांत असे कॅमेरे बहुतेक वेळा गुपचूप लागले आणि पत्रकारांनी किंवा ग्राहक संघटनांनी ते उघडकीला आणले. इथे नियामक सुरुवातीपासून शेजारी उभा होता. त्यामुळे काय झालं, किती वेळा चुकलं, कुठे सावरलं, याची नोंद आहे. आणि शक्य ती सगळी काळजी घेतल्यावरही जी अडचण उरते तीच या विषयाची खरी अडचण मानता येते; बाकीचा निव्वळ गलथानपणा.

फूडस्टफ्स नॉर्थ आयलंड ही दुकानमालकांची सहकारी संस्था आहे. न्यू वर्ल्ड आणि पॅकनसेव्ह ही तिची दोन मोठी नावं. ऑकलंडला राहणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाला पॅकनसेव्हची पिवळी पाटी ठाऊक असते. महिन्याचा किराणा स्वस्तात भरायची ती जागा. संस्थेचं म्हणणं असं की दुकानांतल्या चोऱ्या वाढल्या आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे कर्मचाऱ्यांवर हात उगारणं, थुंकणं, धमकावणं वाढलं आहे. हे करणारे बरेचसे तेच ते लोक असतात. ज्यांना दुकानाने प्रवेशबंदी केली आहे तेच टोपी घालून पुन्हा येतात, आणि काउंटरवरची नवी मुलगी त्यांना ओळखत नाही. मग दारातच ओळखणारं यंत्र का नको? हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. रात्री दहा वाजता एकटीने दुकान बंद करणाऱ्या बाईच्या बाजूने विचार केला तर तो बराच वजनदार आहे.

आता यंत्र नेमकं काय करतं ते पाहू. दुकानात आपल्याला दिसणारा प्रत्येक कॅमेरा चेहरा ओळखत नसतो. बहुतेक फक्त चित्रीकरण करतात. काही माणसं मोजतात. काही ठिकाणी सॉफ्टवेअर ग्राहकाच्या वयाचा आणि लिंगाचा अंदाज बांधतं, पण तो कोण हे शोधत नाही. ओळखणं ही यापुढची पायरी, आणि त्यासाठी दरवेळी नवा कॅमेरा लागतो असंही नाही. भिंतीवर आधीपासून असलेल्या कॅमेऱ्याच्या मागे नवं सॉफ्टवेअर जोडलं तरी काम होतं. समोरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

सॉफ्टवेअर आधी चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधतं, डोळे-नाक-ओठ यांच्या जागा धरून तो सरळ करून घेतं आणि मग एका न्यूरल नेटवर्कमधून काढतं. बाहेर पडते ती आकड्यांची एक रांग. गूगलच्या संशोधकांनी २०१५मध्ये मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत ती १२८ आकड्यांची होती. लाखो फोटोंवर शिकवून या जाळ्याला एकच सवय लावलेली असते: एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळजवळ आले पाहिजेत आणि दोन वेगळ्या माणसांचे दूर पडले पाहिजेत. या आकड्यांच्या रांगेला चेहऱ्याचा ठसा म्हणू. दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा ठसा काढायचा आणि दुकानाकडे आधीपासून असलेल्या यादीतल्या ठशांशी ताडून पाहायचा, एवढाच सगळा व्यवहार आहे. जुळला तर घंटा, नाही जुळला तर ठसा पुसून टाकायचा.

पण किती जुळला म्हणजे जुळला? ती मर्यादा माणूसच ठरवतो. मर्यादा खाली आणली तर खरा गुन्हेगार निसटत नाही, पण भलतेच लोक अडकतात. वर नेली तर उलट. न्यूझीलंडच्या प्रयोगात ती सुरुवातीला ९० टक्के होती, चुका दिसल्यावर ९२.५ टक्के केली. इथे एक गैरसमज हमखास होतो. ९२.५ टक्के याचा अर्थ ‘हा तोच माणूस असण्याची खात्री ९२.५ टक्के’ असा नाही. तो त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मोजपट्टीवरचा साम्याचा गुण आहे. दुसऱ्या कंपनीच्या मोजपट्टीवर तोच आकडा वेगळंच काही सांगत असेल.

आणि अगदी चांगल्या यंत्रालाही गर्दीचं गणित चुकवता येत नाही. समजा, एका दुकानात दिवसाला ५,००० माणसं येतात आणि यंत्र हजारात एकदाच चुकीच्या माणसावर बोट ठेवतं. ऐकायला उत्तम. पण यादीतला खरा माणूस त्या दिवशी एकच आला असेल, तर यंत्राने तो पकडला तरी घंटा वाजतील सहा आणि त्यांतल्या पाच निरपराधांवर. शोधायची माणसं जितकी विरळ, तितका घंटेतला खोटेपणाचा वाटा मोठा. फोन उघडताना चेहरा दाखवतो तिथे हा प्रश्न येत नाही, कारण तिथे एकाची तुलना एकाशीच असते. दुकानाच्या दारात प्रत्येकाची तुलना यादीतल्या प्रत्येकाशी होते, आणि यादी लांबली की चुकण्याची संधीही वाढते.

वेब्स्टर यांच्या अहवालातले आकडे या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. टिपलेल्या चेहऱ्यांपैकी ९९.९९९ टक्के एका मिनिटाच्या आत पुसले गेले. हा आकडा सगळ्या बातम्यांत आला. घंटा वाजल्या १,७४२, म्हणजे साधारण १ लाख ३० हजार चेहऱ्यांमागे एक. त्यातल्या १,२०८ वेळा माणूस तोच असल्याचं पक्कं झालं. उरलेल्या ५३४ वेळा ते झालं नाही. दर शंभर घंटांमागे सुमारे ३१. या ५३४ वेळी प्रत्येक वेळी कुणाचा अपमान झाला असं मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी पडद्यावरचे दोन चेहरे पाहून विषय तिथेच सोडला असणार. पण नऊच्या पुढे नऊ लावलेल्या त्या टक्केवारीशेजारी हा दुसरा आकडाही ठेवायला हवा. पहिली टक्केवारी पुसण्याची आहे, अचूकतेची नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही सहज एक होऊन बसतात.

चुकीच्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन हटकलं, असं नऊ वेळा घडलं. त्यात दोघांना दुकानातून बाहेर जायला सांगण्यात आलं. एप्रिल २०२४मध्ये रोटोरुआच्या न्यू वर्ल्डमध्ये एक माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातली, स्त्री तिच्या वाढदिवशी खरेदीला गेली होती. तिला चोर म्हणून अडवलं. तिने फोटो असलेली ओळखपत्रं पुढे केली, तरी ऐकून घेतलं गेलं नाही. संस्थेने नंतर माफी मागितली आणि ही मानवी चूक होती असं सांगितलं. ते खरंही आहे. नियम असा होता की यंत्राने घंटा वाजवली तरी दोन प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी चेहरे ताडून पाहायचे आणि मगच पुढे जायचं. पण ‘मानवी चूक’ म्हटल्याने यंत्र सुटतं का? माणसाच्या हातात आयता संशय देणारं ते यंत्रच असतं. पडद्यावर ‘जुळलं’ असं लिहून आल्यावर त्याविरुद्ध स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला जरा धाडस लागतं, आणि तासाच्या पगारावरच्या कर्मचाऱ्याकडून ते कुणी मागू नये. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची हौस माणसाला यंत्राआधीपासून आहे. आता सुळी देणाऱ्याला कुणाकडे तरी बोट दाखवता येतं, इतकंच.

ती स्त्री माओरी होती हाही योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये ९९ निर्मात्यांच्या १८९ अल्गोरिदमांची तपासणी प्रसिद्ध केली होती. फोटो जवळपास १ कोटी ८० लाख. एकास-एक तुलनेत अनेक अल्गोरिदम आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट जास्त वेळा ‘जुळलं’ अशी खोटी ग्वाही देत होते. पश्चिम आणि पूर्व आफ्रिका, पूर्व आशिया इथल्या चेहऱ्यांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्यासारख्या चेहऱ्यांत थोडं वाढलेलं. सगळेच अल्गोरिदम असे नव्हते. चीनमध्ये तयार झालेल्या काहींत पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबतचा फरक बराच कमी होता, यावरून कारणाचाही अंदाज येतो: शिकवताना ज्यांचे फोटो कमी दाखवले, त्यांच्यातला फरक यंत्राला कमी कळतो. त्यानंतरच्या वर्षांत अल्गोरिदम खूप सुधारले आहेत. पण वेब्स्टर यांनी अहवालात नोंदवलं की हे तंत्र परदेशात घडलं आहे आणि न्यूझीलंडच्या लोकांवर ते शिकवलेलं नाही. २०२३च्या जनगणनेत त्या देशात भारतीय वंशाचे लोक २ लाख ९० हजारांच्या वर निघाले. त्यांच्यासाठीही हे वाक्य आहे.

माओरींच्या बाबतीत एक गोष्ट आणखी आहे, जी आकड्यांत मावत नाही. त्यांच्या परंपरेत डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग. चेहऱ्यावर गोंदलेल्या मोकोमध्ये त्या माणसाचं कूळ, त्याचे पूर्वज कोरलेले असतात. असा चेहरा टिपून त्याचे आकडे करून ठेवणं म्हणजे एका माणसाची माहिती घेणं नव्हे, त्याच्या घराण्याची वस्तू उचलणं आहे, असं तिथल्या माओरी अभ्यासकांचं म्हणणं. नंतर आलेल्या नियमांत माओरी संस्कृतीवर होणारा परिणाम तपासणं दुकानांना बंधनकारक केलं, ते यामुळेच. आपल्याकडच्या चर्चेत खासगीपणा नेहमी एकट्या माणसाचा असतो. ही बाजू मला तिथून नव्याने कळली.

मग फायदा किती झाला? मूल्यमापन करणाऱ्या स्कारलाटी या संस्थेने यंत्र असलेल्या २५ दुकानांची यंत्र नसलेल्या दुसऱ्या २५ दुकानांशी तुलना केली आणि गंभीर उपद्रव अंदाजे १६ टक्क्यांनी कमी झाल्याचं सांगितलं. शून्य नाही, चमत्कारही नाही. ज्या दुकानात महिन्याला दोन कर्मचारी मार खातात तिथे हा फरक जाणवेल.

आता यादीकडे येतो, कारण माझ्या मते सगळं प्रकरण तिथे आहे. कॅमेऱ्यापुढून जाणाऱ्या सामान्य ग्राहकाचा चेहरा मिनिटभर राहिला. यादीत ज्याचा चेहरा गेला तो मात्र दोन वर्षं राहणार होता, आणि त्याला साथ देणाऱ्याचा तीन महिने. यादीत कुणाला घालायचं हे कोर्टाने ठरवलं नव्हतं. पोलिसांत तक्रार होऊन ती सिद्ध झालीच पाहिजे अशीही अट नव्हती. दुकानाने ठरवलं की झालं. न्यूझीलंडमध्ये या यादीला बांध घातलेले होते, आणि ते चांगले होते: फक्त गंभीर वर्तन, विशेषतः हिंसा, १८ वर्षांखालचं कुणी नाही, मानसिक किंवा इतर कारणाने दुबळ्या अवस्थेत असलेला माणूस नाही, एका दुकानाची यादी दुसऱ्याला द्यायची नाही, हे चेहरे अल्गोरिदम शिकवायला वापरायचे नाहीत. यातला चौथा बांध फार मोलाचा आहे. तो नसता तर एका दुकानातल्या भांडणाची शिक्षा आख्ख्या शहरात झाली असती.

ब्रिटनमध्ये तो नाही. फेसवॉच नावाची कंपनी तिथे धंदाच असा करते. तिची कथा रंजक आहे. लंडनच्या एका प्रसिद्ध वाइन बारचे मालक सायमन गॉर्डन आपल्या गिऱ्हाइकांच्या पर्सा चोरीला जातात म्हणून वैतागले आणि त्यांनी २०१०मध्ये ती सुरू केली. सदस्य दुकानदार संशयिताचा फोटो आणि घटनेचा जबाब कंपनीकडे देतो; तो माणूस आसपासच्या दुसऱ्या सदस्य दुकानात शिरला की तिथे फोन वाजतो. सदर्न को-ऑप या किराणा साखळीने ती सेवा घेतल्यावर बिग ब्रदर वॉच या संघटनेने २०२२मध्ये तक्रार केली. तिथल्या माहिती आयुक्तालयाने कंपनीला बऱ्याच गोष्टी बदलायला लावल्या, यादी गंभीर आणि वारंवार गुन्हा करणाऱ्यांपुरती आणायला लावली, आणि मार्च २०२३मध्ये सांगितलं की कंपनीचा हेतू वैध आहे.

आपला कोपऱ्यावरचा वाणीही चेहरे लक्षात ठेवतो. कुणाची उधारी थकली, कोण फुटाण्यांच्या डब्यात हात घालतं, हे त्याच्या डोक्यात असतं, आणि यावर कुणी कधी हरकत घेतलेली नाही. फरक असा की आपणही वाण्याला ओळखतो. त्याच्याशी भांडता येतं, ‘तो मी नव्हतो, माझा भाऊ होता’ असं सांगता येतं, आणि फारच झालं तर त्याची आई आपल्या आईला ओळखत असते. यंत्राच्या यादीतल्या माणसाला आपण यादीत आहोत हेच बहुतेकदा कळत नाही. कळतं ते दारात कुणी अडवल्यावर, शेजारणीसमोर. आपला चेहरा यादीत आहे का हे विचारायचं, तर ताडून बघायला आधी आपला फोटो द्यावा लागतो.

यादी बेफिकिरीने केली की काय होतं ते अमेरिकेत राइट एड या औषधांच्या दुकानांच्या साखळीने दाखवून दिलं. २०१२ ते २०२० या काळात तिच्या शेकडो दुकानांत हे कॅमेरे होते, ग्राहकांना न सांगता. यादीत हजारो चेहरे, त्यातले कितीतरी धुरकट सीसीटीव्हीतून किंवा कर्मचाऱ्यांच्या फोनवरून घेतलेले. यादीतल्या एका माणसासाठी पाच दिवसांत देशभरातल्या १३०हून जास्त दुकानांत ९००हून अधिक घंटा वाजल्या. त्या पाच दिवसांत तो बहुधा घरीच बसला असेल. एका दुकानात ११ वर्षांच्या मुलीला थांबवून तिची झडती घेतली गेली. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्त्यांतल्या दुकानांत खोट्या घंटा जास्त होत्या. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पाच वर्षं हे तंत्र वापरायला बंदी केली, आणि जमवलेले फोटो व त्यांवरून तयार केलेले अल्गोरिदमही नष्ट करायला सांगितले.

राइट एडवर टीका करणं सोपं आहे. अवघड प्रकरण स्पेनचं. मर्कादोना ही तिथली सगळ्यात मोठी सुपरमार्केट साखळी. २०२०मध्ये तिने काही दुकानांत कॅमेरे लावले, दाराशी पाट्याही लावल्या. आणि तिची यादी दुकानदाराच्या मर्जीची नव्हती: ज्यांना कोर्टाने दोषी ठरवून त्या दुकानांत यायला मनाई केली होती, तेवढेच लोक. बाकी सगळ्यांचे ठसे ०.३ सेकंदांत पुसले जातात असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणजे यादीबद्दल मी वर जे म्हटलं, त्या कसोटीला मर्कादोना न्यूझीलंडपेक्षा चांगली उतरते. तरीही बार्सिलोनाच्या प्रांतिक न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये हे अमान्य केलं, आणि जुलैमध्ये स्पेनच्या डेटा संरक्षण संस्थेने ३१ लाख ५० हजार युरोंचा दंड ठोठावला. तो लगेच भरल्यामुळे सवलत मिळून २५ लाख २० हजारांवर आला. कारण काय? मूठभर लोकांवरची मनाई अमलात आणण्यासाठी दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा, लहान मुलांचा आणि खुद्द कर्मचाऱ्यांचाही ठसा घेतला जात होता. ०.३ सेकंद हा बचाव ठरला नाही. युरोपीय कायद्यात असा ठसा ही विशेष संरक्षित माहिती आहे. ती घेतली की घेतली, किती वेळ ठेवली हा पुढचा प्रश्न.

ऑस्ट्रेलियाच्या खासगीपणा आयुक्त कार्ली काइंड यांनीही २०२४मध्ये असंच ठरवलं. बनिंग्ज ही तिथली हार्डवेअरची अवाढव्य साखळी. २०१८ ते २०२१ या काळात तिच्या ६३ दुकानांत हे कॅमेरे होते, आणि २०२२मध्ये चॉइस या ग्राहक संस्थेने ते उघड केलं. यादीत नसलेल्यांचा ठसा सेकंदाच्या काही हजारांश भागात पुसला जायचा, तरी तो संग्रहच, असं काइंड म्हणाल्या. बनिंग्जने त्याच दिवशी आपल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या हल्ल्यांची चित्रफीत लोकांसमोर ठेवली आणि निर्णयाला आव्हान दिलं. ती चित्रफीत पाहिली की माणूस दुकानाच्या बाजूने झुकतो. निर्णय वाचला की उलट. मी दोन्हीकडे झुकून आलो आहे.

थोडक्यात, एकच कृती वेब्स्टर यांना प्रमाणात वाटली आणि स्पेनला प्रमाणाबाहेर. मला स्वतःला स्पेनचा तर्क जास्त पटतो, पण कायद्याच्या कारणाने नाही. चोर शोधण्यासाठी बसवलेलं यंत्र चोरापुरतं राहत नाही. ऑस्ट्रेलियात सेव्हन-इलेव्हनच्या सुमारे ७०० दुकानांत २०२०-२१मध्ये ग्राहकांना ‘सेवा कशी वाटली’ हे विचारणारे टॅब्लेट होते. उत्तर देता देता ते चेहरा टिपत होते, एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून. कॅनडात कॅडिलॅक फेअरव्ह्यू कंपनीच्या १२ मॉलमध्ये ‘हे दुकान कुठे आहे’ दाखवणाऱ्या पडद्यांच्या आत कॅमेरे निघाले. येणाऱ्यांचं वय आणि लिंग मोजायला ते होते म्हणे, आणि ५० लाख चेहरे तपासले गेले होते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मालकांनी तर २०२२मध्ये याच तंत्राने आपल्याविरुद्ध खटला लढवणाऱ्या कंपन्यांतले वकील हुडकून दारातून परत पाठवले. त्यातली एक आई मुलीच्या स्काउट पथकाबरोबर नाताळचा कार्यक्रम पाहायला आली होती. तिच्या हातून कुठलाही गुन्हा झालेला नव्हता. यादी ज्याच्या हातात, गुन्हा कशाला म्हणायचं तेही त्याच्याच हातात.

न्यूझीलंडमध्ये दाराशी पाटी होती, ती वाचून नको असेल तर दुसरीकडे जा, असं उत्तर दिलं जातं. तिथल्या किराणा बाजारावर फूडस्टफ्स आणि वूलवर्थ्स या दोघांचंच राज्य आहे. छोट्या गावात सुपरमार्केट एकच असतं. पिठामिठाला जाण्यावाचून गत्यंतर नसतं तिथे पाटीखालून आत जाणं ही संमती मानायची का, हे तिथल्या आयुक्तालयालाही सोपं गेलेलं नाही. जुलै २०२५मध्ये तिथे जैवमितीय (बायोमेट्रिक) माहितीसाठी वेगळी नियमसंहिता जाहीर झाली. ३ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू आहे, आणि आधीपासून हे तंत्र वापरणाऱ्यांना ३ ऑगस्ट २०२६पर्यंत मुदत आहे. तिने केवळ संमतीवर भिस्त ठेवलेली नाही. खरंच उपयोग होतो का, कमी त्रासाचा दुसरा मार्ग आहे का, हे आधी दाखवा. चेहऱ्यावरून भावना किंवा वंश ताडण्यासारखे प्रकार बहुतांशी करूच नका, असा तिचा रोख आहे.

भारतात २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि दुकानांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात चेहऱ्याच्या ठशाला वेगळी जागा नाही. मोबाइल नंबर आणि चेहरा दोन्ही सारखीच ‘वैयक्तिक माहिती’. एक चांगली तरतूद अशी की माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मिळण्याचा पर्याय ग्राहकाला असला पाहिजे. पुण्यातल्या मॉलकडे ती मराठीत मागता येईल. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. गुन्हा रोखण्यासाठी, उघडकीला आणण्यासाठी किंवा त्याच्या तपासासाठी माहिती वापरली जात असेल, तर सूचना, संमती, माहिती पाहण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क, यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. वाचताना वाटतं की हे पोलिसांसाठी असेल. मात्र त्या पोटकलमात पोलिसांचा किंवा सरकारचा उल्लेख नाही. दुकानातली चोरी हाही गुन्हाच आहे, आणि ती रोखण्यासाठी कॅमेरा लावल्याचं उद्या एखाद्या सुपरमार्केटने सांगितलं, तर यादीतून चेहरा काढून मागणाऱ्या ग्राहकाला तो हक्क आहे की नाही हे कुठल्यातरी न्यायालयाला ठरवावं लागेल.